एचआयव्ही असलेल्या आईचे बाळ: गर्भारपणापासून अठराव्या महिन्यापर्यंत काय, केव्हा आणि कोणत्या क्रमाने करावे

आईला एचआयव्ही असेल आणि बाळाच्या संरक्षणासाठी काहीच केले नाही, तर गर्भारपण, प्रसूती आणि स्तनपान मिळून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. सर्व उपाय वेळेवर झाले तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. औषधे आणि तपासण्या सरकारी केंद्रांत विनामूल्य आहेत. तरीही काही बाळांना संसर्ग होतो, आणि संसर्ग न झालेल्या काही बाळांच्या घरीही चुकीच्या वेळी केलेल्या तपासणीमुळे महिनोन् महिने काळजीचे वातावरण राहते. अशा बहुतेक घटनांत औषध मिळाले नाही असे नसते. कामांचा क्रम चुकलेला असतो.

इंदूरमधल्या मराठी घरांत हा क्रम चुकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. सातव्या महिन्यात सून माहेरी जाते आणि एक महत्त्वाची तपासणी राहते. बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये या रीतीमुळे दुसरी तपासणी लांबते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कोणीतरी बाळाचे रक्त खासगी प्रयोगशाळेत देते आणि अहवालातला ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ हा शब्द वाचून घर हादरते. अलीकडे यात ‘बाळाला जन्मतःच प्रतिपिंडांचे इंजेक्शन द्या’ या मागणीचीही भर पडली आहे. पुढील टप्पे याच जागा डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. बाळाच्या प्रत्येक औषधाचा डोस मात्र एआरटी केंद्राच्या (एचआयव्हीविरोधी औषधे देणाऱ्या सरकारी केंद्राच्या) किंवा बालरोगतज्ज्ञाच्या लेखी सूचनेप्रमाणेच द्यावा.

सुरुवातीला: प्रतिपिंडांबद्दल एवढे स्पष्ट असू द्यावे

विषाणू शरीरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार करते. आईच्या रक्तातील आयजीजी प्रकारची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात, आणि गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हे प्रमाण झपाट्याने वाढते. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात ती आईच्या रक्ताइतकी किंवा थोडी अधिकच असतात. त्यामुळे एचआयव्ही असलेल्या आईच्या जवळजवळ प्रत्येक बाळाच्या रक्तात जन्मतः एचआयव्हीविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात, मग बाळाला संसर्ग झालेला असो वा नसो. हे उसनवार आलेले धन दर तीन आठवड्यांना साधारण निम्मे होत जाते. परंतु आजच्या तपासण्या इतक्या संवेदनशील आहेत की उरलेला अल्पसा अंशही त्यांना दिसतो, आणि म्हणून काही बाळांच्या रक्तात तो अठराव्या महिन्यापर्यंत आढळू शकतो.

आईकडून आलेली ही प्रतिपिंडे बाळाचे एचआयव्हीपासून पुरेसे रक्षण करत नाहीत. विषाणू आपले बाह्य रूप सतत बदलतो, आणि आईच्या शरीरातील विषाणू तिच्या प्रतिपिंडांना चुकवूनच टिकलेला असतो. संशोधनात ज्यांची चर्चा होते ती, विषाणूच्या अनेक प्रकारांना निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे यांहून वेगळी असून त्यांच्याविषयी पाचव्या टप्प्यात लिहिले आहे.

टप्पा १: गर्भारपणातील तयारी

गर्भारपणाच्या पहिल्याच भेटीत एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी या तिन्ही तपासण्या कराव्यात. एचआयव्ही असल्याचे निश्चित झाल्यास सीडी४ पेशींची (विषाणू ज्यांवर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पेशींची) संख्या कितीही असली तरी एआरटी औषधे लगेच सुरू होतात आणि ती आयुष्यभर घ्यायची असतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात सामान्यतः टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर या तीन औषधांची मिळून एक गोळी रोज दिली जाते.

येथे फारसे कोणी न सांगितलेली एक चूक घडते. प्रत्येक गर्भवतीला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात. उपाशीपोटी या गोळ्या डोल्युटेग्राव्हिरसोबत घेतल्या तर एआरटीचे औषध शरीरात नीट शोषले जात नाही आणि नियमित गोळी घेऊनही विषाणू आटोक्यात येत नाही. एआरटीची गोळी लोह-कॅल्शियमच्या गोळीच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. एकत्रच घ्यायची झाल्यास भरल्या पोटी घ्यावी. लोह-कॅल्शियम सकाळच्या जेवणानंतर आणि एआरटीची गोळी रात्री झोपताना, अशी वाटणी केली की गोंधळ होत नाही.

पहिली तपासणी निगेटिव्ह आली म्हणून पुढे निश्चिंत राहू नये. पतीला संसर्ग असेल किंवा त्याची तपासणीच झाली नसेल, तर गर्भारपणाच्या उत्तरार्धात पत्नीची तपासणी पुन्हा करावी. गर्भारपणात किंवा स्तनपानाच्या काळात नव्याने झालेल्या संसर्गात आईच्या रक्तात विषाणूंचे प्रमाण फार मोठे असते, आणि बाळाला सर्वाधिक धोका अशाच वेळी असतो.

*तपासून पाहा:* आईच्या पुस्तिकेत एआरटी क्रमांक, औषध सुरू झाल्याची तारीख, हिपॅटायटिस बीचा अहवाल आणि पतीच्या तपासणीची नोंद आहे ना?

टप्पा २: बत्तिसावा आठवडा आणि माहेरचा प्रवास

बत्तिसाव्या आठवड्यानंतर आणि प्रसूतीपूर्वी आईच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण मोजावे लागते. बाळाला एक औषध द्यायचे की दोन, हे याच व्हायरल लोडच्या अहवालावर ठरते. प्रमाण दर मिलिलिटरला १००० प्रतींपेक्षा कमी असेल तर बाळ कमी जोखमीचे मानले जाते. आई एआरटीवर नसेल, बत्तिसाव्या आठवड्यानंतर ही तपासणीच झाली नसेल, विषाणू दबलेला नसेल, किंवा आईचे निदान प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत झाले असेल, तर बाळ जास्त जोखमीच्या गटात जाते. म्हणजे आईने वर्षानुवर्षे नियमित औषध घेतले असले तरी केवळ तपासणी राहून गेल्यामुळे बाळ वरच्या गटात जाते आणि त्याला दुसरे औषधही घ्यावे लागते.

पहिल्या बाळंतपणाला मुलीने माहेरी जायचे आणि सातव्या महिन्यातले डोहाळेजेवण आटोपले की निघायचे, ही आपल्याकडची रीत आहे. सातवा महिना म्हणजे साधारण अठ्ठाविसावा ते एकतिसावा आठवडा. इंदूरहून धुळे, जळगाव किंवा पुण्याला निघालेली मुलगी अशा प्रकारे तपासणीच्या अगदी तोंडावर आपल्या केंद्रापासून दूर जाते. नव्या गावी तिची नोंद नसते आणि माहेरच्या सर्वांना आजाराची कल्पना असतेच असे नाही. इंदूरला माहेर असलेल्या आणि महाराष्ट्रातून येथे येणाऱ्या मुलींची अडचणही हीच असते.

यासाठी पुढील क्रम पाळावा.

१. शक्य असल्यास प्रवास दोन-तीन आठवडे पुढे ढकलावा, बत्तिसाव्या आठवड्यात रक्त द्यावे आणि अहवाल हाती घेऊन निघावे.

२. ते शक्य नसेल तर निघण्यापूर्वी आपल्या एआरटी केंद्राकडून हस्तांतराचे पत्र आणि पुरेशी औषधे घ्यावीत. माहेरच्या जिल्ह्यातील एआरटी केंद्र कोणते, हे समुपदेशकाकडून लिहून घ्यावे. इंदूरमध्ये हे केंद्र महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे आपण ज्याला एमवाय म्हणतो तेथे आहे. कोणत्याही राज्यातील केंद्राची माहिती १०९७ या विनामूल्य हेल्पलाइनवर मिळते.

३. माहेरी पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यातच त्या केंद्रात नोंद करावी आणि व्हायरल लोडसाठी रक्त द्यावे. अहवाल येण्यास वेळ लागतो, त्यामुळे ‘नववा लागल्यावर बघू’ असे म्हणून चालत नाही.

४. प्रसूती कोणत्या रुग्णालयात होणार ते ठरवून तेथे बाळाचे सिरप उपलब्ध आहे का, हे आधी विचारावे.

*सावधान:* आजार लपवण्यासाठी पुस्तिका सासरी ठेवून जाऊ नये. एचआयव्हीसंबंधीच्या २०१७ च्या कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक केले आहे आणि एचआयव्हीच्या कारणावरून उपचार नाकारण्यास मनाई केली आहे. डॉक्टर आणि परिचारिका यांना माहिती असणे बाळासाठी अत्यावश्यक आहे. शेजाऱ्यांना किंवा दूरच्या नातेवाइकांना ती असण्याची काहीही गरज नाही.

टप्पा ३: प्रसूती

प्रसूती रुग्णालयातच व्हावी. केवळ एचआयव्ही आहे म्हणून आपल्या कार्यक्रमात सिझेरियन केले जात नाही. ते प्रसूतीशास्त्राच्या दृष्टीने गरज असेल तरच करतात. कळा सुरू असतानाही आईने एआरटीची गोळी ठरलेल्या वेळी घ्यावी. गर्भजल पिशवी अकारण कृत्रिमरीत्या फोडणे आणि टाके घालावे लागतील असा छेद गरज नसताना घेणे टाळले जाते. ज्या स्त्रीची गर्भारपणात तपासणीच झालेली नाही, तिची जलद तपासणी प्रसूतिगृहात करून घ्यावी. तेव्हा निदान झाले तरी बाळासाठी वेळ हातात असतो.

टप्पा ४: पहिले काही तास आणि बाळाचे सिरप

बाळ रडले, पुसून झाले, आईच्या अंगावर घेतले, की पुढचे काम म्हणजे नेव्हिरापिन या एचआयव्हीविरोधी सिरपचा पहिला डोस. तो जितका लवकर देता येईल तितका चांगला. जन्मानंतरच्या पहिल्या सहा ते बारा तासांत तो गेलाच पाहिजे. काही कारणाने उशीर झाला तर आता उपयोग नाही असे मानून सोडून देऊ नये, ताबडतोब डॉक्टरांना विचारावे.

कमी जोखमीच्या बाळाला सहा आठवडे एकच औषध दिले जाते. जास्त जोखमीच्या बाळाला नेव्हिरापिन आणि झिडोव्हुडिन ही दोन्ही औषधे दिली जातात. बाळ फक्त वरचे दूध घेत असेल तर सहा आठवडे आणि स्तनपान करत असेल तर बारा आठवडे. आईला एचआयव्ही-२ या प्रकारचा संसर्ग असेल तर नेव्हिरापिन निरुपयोगी ठरते, त्यामुळे आईच्या अहवालातील विषाणूचा प्रकार डॉक्टरांना दाखवावा.

आता मोजमापाकडे. अडीच किलोपेक्षा जास्त वजनाच्या बाळासाठी नेव्हिरापिनचा नेहमीचा डोस दिवसातून एकदा १५ मिलिग्रॅम असतो, आणि सिरपच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे बाळाला द्यायचे सिरप केवळ दीड मिलिलिटर. चिठ्ठीवरचा ‘१५’ हा आकडा मिलिलिटर समजून दिला तर डोस दसपट होतो. दोन ते अडीच किलोच्या बाळाला १० मिलिग्रॅम, म्हणजे एक मिलिलिटर दिले जाते. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोस दर किलोला २ मिलिग्रॅम या हिशेबाने काढतात आणि तो डॉक्टरांनीच लिहून द्यावा.

सिरप देण्याची पद्धत:

१. हात धुऊन बाटली हळूच हलवावी, म्हणजे तळाशी बसलेले औषध मिसळते.

२. सुईविरहित सिरिंजने किंवा सोबतच्या ड्रॉपरनेच मोजावे. घरातला चमचा वापरू नये. चहाच्या चमच्यात साधारण ५ मिलिलिटर मावते.

३. सिरिंजवर आपल्या डोसच्या रेषेपाशी रुग्णालयातील परिचारिकेकडून चिकटपट्टी लावून घ्यावी. औषध आजीने दिले काय किंवा मावशीने, रेष चुकत नाही.

४. बाळाचे डोके किंचित उंच धरून औषध गालाच्या आतल्या बाजूला थोडेथोडे सोडावे. बाटलीतील दुधात मिसळू नये, कारण दूध उरले की औषधही उरते.

५. दिनदर्शिकेवर त्या दिवसाच्या चौकटीत खूण करावी. घरात दोघे-तिघे बाळाला सांभाळत असतील तर डोस दोनदा जाणे किंवा अजिबात न जाणे याच एका सवयीने टळते.

डोस दिल्यावर अर्ध्या तासाच्या आत बाळाने उलटी केली तर सामान्यतः डोस पुन्हा दिला जातो. वारंवार तसे होत असेल तर केंद्राला कळवावे. अंगावर पुरळ, डोळ्यांत पिवळेपणा किंवा दूध पिणे कमी होणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी बाळाला दाखवावे. झिडोव्हुडिनने बाळाचे रक्त कमी होऊ शकते, म्हणून ते देताना हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवतात.

*सावधान:* बाटलीवरचे लेबल फाडू नये. घरच्यांपासून नाव लपवायचे असेल तर बाटली डब्यात ठेवावी, पण नाव, प्रमाण आणि मुदत दिसलीच पाहिजे.

टप्पा ५: ‘प्रतिपिंडांचे इंजेक्शन’ मागण्यापूर्वी

ही मागणी उगाच निर्माण झालेली नाही. हिपॅटायटिस बी असलेल्या आईच्या बाळाला जन्मानंतर शक्यतो बारा तासांच्या आत तयार प्रतिपिंडांचे, म्हणजे हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिनचे, अर्धा मिलिलिटर इंजेक्शन एका मांडीत आणि लस दुसऱ्या मांडीत देतात. या उपायाची परिणामकारकता सिद्ध झालेली आहे. ज्या आईला हिपॅटायटिस बी आणि एचआयव्ही दोन्ही असतील, तिच्या बाळाला हे इंजेक्शन आणि एचआयव्हीचे सिरप अशा दोन्ही गोष्टी लागतात, आणि एक दिले म्हणून दुसरे टाळता येत नाही. पहिल्या टप्प्यातील हिपॅटायटिस बीच्या अहवालाचा उपयोग येथे होतो.

एचआयव्हीसाठी असे इंजेक्शन आज नेहमीच्या उपचारांत नाही, आणि संशोधन कोठवर आले आहे हे पाहिले की कारण कळते. काही रुग्णांच्या शरीरात विषाणूच्या अनेक प्रकारांना निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आढळली; तशीच प्रतिपिंडे आता प्रयोगशाळेत बनवता येतात. अमेरिकेतील ओरेगनच्या प्राइमेट संशोधन केंद्रात माकडांच्या पिल्लांना तोंडावाटे एचआयव्हीसारख्या संकरित विषाणूचा संपर्क घडवून चोवीस तासांनी अशा दोन प्रतिपिंडांचे मिश्रण देण्यास सुरुवात केली गेली आणि दहाव्या दिवसापर्यंत चार डोस दिले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनंतर या पिल्लांच्या शरीरात विषाणू सापडला नाही. त्याच गटाच्या पुढील अभ्यासात तीस तासांनी दिलेला एकच मोठा डोसही पुरेसा ठरला; परंतु सुरुवात अठ्ठेचाळीस तासांवर गेली आणि डोस लहान ठेवले, तेव्हा साधारण निम्म्या पिल्लांना संसर्ग झाला. विषाणू ऊतींत ठाण मांडण्याआधीचा हा अवधी किती तोकडा आहे हे यातून दिसते. सिरपच्या पहिल्या डोसासाठी काही तासांचा आग्रह का धरला जातो, हेही यावरून समजावे.

माणसांच्या बाळांमध्ये व्हीआरसी०१ आणि अधिक काळ टिकणारे व्हीआरसी०७-५२३एलएस या प्रतिपिंडांची त्वचेखाली इंजेक्शने देऊन छोट्या चाचण्या झाल्या असून ती सुरक्षित आढळली आहेत. मात्र सुरक्षित असणे आणि संसर्ग रोखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रौढांमधील व्हीआरसी०१च्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०२१ साली आले. एकूण संसर्गात लक्षणीय घट दिसली नाही, परंतु विषाणूचे जे प्रकार या प्रतिपिंडाला संवेदनशील होते त्यांच्याविरुद्ध सुमारे ७५ टक्के संरक्षण मिळाले. एकटे प्रतिपिंड अपुरे पडते, मिश्रण लागेल, असाच याचा अर्थ आहे. भारतात विषाणूचा सी हा उपप्रकार सर्वाधिक आढळतो, तेव्हा येथील मिश्रण त्यावर चालणारे हवे. ते सिद्ध झाले तर स्तनपानाच्या महिन्यांत रोजच्या सिरपऐवजी काही आठवड्यांतून एक इंजेक्शन देता येईल, आणि रोजचा डोस चुकण्याची भीती बाळगणाऱ्या आईसाठी ती मोठी सोय ठरेल. मला या संशोधनाकडून खरोखर आशा आहे. पण आज जन्मलेल्या बाळाचे रक्षण आईची गोळी आणि बाळाचे सिरपच करते.

कोणी असे इंजेक्शन देऊ केले तर तीन प्रश्न विचारावेत: औषधाचे नेमके नाव काय, ते मान्यताप्राप्त चाचणीचा भाग आहे का आणि तिचा नोंदणी क्रमांक काय, आणि त्यासोबत सिरप सुरूच राहणार आहे ना. सिरप थांबवा असे सांगणाऱ्याकडे बाळाला नेऊ नये. बाजारात मिळणारे साधे इम्युनोग्लोब्युलिन महाग असते आणि एचआयव्हीच्या प्रतिबंधासाठी त्याचा उपयोग नाही.

टप्पा ६: पहिले सहा महिने, दूध आणि घुटी

आई नियमित एआरटी घेत असेल तर पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान करावे, ही राष्ट्रीय कार्यक्रमाची शिफारस आहे. वरचे दूधच द्यायचे असा निर्णय विचारपूर्वक घेतला असेल तर मग सहा महिने फक्त तेच द्यावे. त्यासाठी रोज उकळलेले पाणी, स्वच्छ भांडी आणि महिनोन् महिने दूध विकत घेण्याची ऐपत हवी. सर्वांत घातक असते ते दोन्हींचे मिश्रण. वरचे दूध, पाणी किंवा इतर पदार्थांनी बाळाच्या आतड्याच्या नाजूक अस्तराला इजा होते आणि त्याच वेळी आईच्या दुधातून आलेल्या विषाणूला वाट मिळते.

आपल्या घरांत हे मिश्रण बहुधा घुटीच्या रूपाने होते. वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरुडशेंग, खारीक, बदाम सहाणेवर उगाळून चाटवले जातात. जोडीला मध असतो, पोट दुखले तर ग्राइप वॉटर असते, आणि इंदूरच्या उन्हाळ्यात चमचाभर पाणीही असते. सासूबाईंनी हे मायेनेच केलेले असते, आणि सुनेला कारण सांगता येत नाही. येथे आजाराचा उल्लेख न करताही मार्ग निघतो. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा देऊ नये, हा नियम प्रत्येक बाळासाठी आहे. डॉक्टरांना तो बाळाच्या कार्डावर ठळक अक्षरांत लिहून द्यायला सांगावे आणि ते कार्ड घरात सर्वांना दिसेल असे ठेवावे. डॉक्टरांनी दिलेली औषधे या नियमाला अपवाद आहेत.

स्तनाग्राला चीर पडली, स्तनात गाठ येऊन ताप आला, किंवा बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे दिसले, तर त्याच दिवशी दाखवावे. त्या बाजूचे दूध पिळून टाकावे आणि दुसऱ्या बाजूने पाजणे चालू ठेवावे.

सहा महिने पूर्ण झाल्यावर मऊ भात, वरण, खिमट असा पूरक आहार सुरू करावा आणि सोबत स्तनपान चालू ठेवावे. या वयानंतर ही चूक नव्हे. बाळाला संसर्ग नसेल तर साधारण एक वर्षापर्यंत आणि असेल तर दोन वर्षांपर्यंत स्तनपानाचा सल्ला दिला जातो. ते एकदम तोडू नये, सुमारे महिनाभरात हळूहळू कमी करावे. स्तनपान चालू असेपर्यंत आईची एक गोळीही चुकता कामा नये.

टप्पा ७: सहावा आठवडा

सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस, आणि सव्वा महिना त्याच्या चार दिवस आधी संपतो. त्यामुळे रीत मोडावी लागत नाही. सव्वा महिना झाला की पहिले बाहेर पडणे दीड महिन्याच्या लसीसाठी असावे आणि त्याच भेटीत पुढील कामे करावीत.

१. बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ते विशिष्ट कागदी कार्डाच्या वर्तुळांवर वाळवले जातात. हे डीबीएस कार्ड ठरलेल्या प्रयोगशाळेत जाते आणि तेथे पीसीआर पद्धतीने प्रत्यक्ष विषाणूचा शोध घेतला जातो. प्रतिपिंडांशी या तपासणीचा संबंध नाही, म्हणून या वयात तीच ग्राह्य असते.

२. को-ट्रायमोक्साझोल हे औषध सुरू होते. न्यूमोनियासारख्या गंभीर संसर्गांपासून रक्षण करणारे हे औषध बाळाला एचआयव्ही नाही हे निश्चित होईपर्यंत द्यायचे असते.

३. नेव्हिरापिन थांबवायचे की पुढे चालू ठेवायचे, हे डॉक्टर सांगतात. ‘सहा आठवडे झाले’ म्हणून आपणहून बाटली बंद करू नये.

रुग्णालयात जन्माची नोंद आईच्या नावाने असते आणि बारशानंतर बाळाला स्वतःचे नाव मिळते. कार्डावर एक नाव आणि पुस्तिकेत दुसरे, असे झाले की अहवाल कोणाचा हे कळत नाही. नोंदणी क्रमांक आणि आईचे नाव दोन्हीकडे जुळते का, हे तेथेच पाहावे.

*तपासून पाहा:* अहवाल केव्हा आणि कोठे मिळेल, हे विचारले ना? ठरलेल्या वेळेत तो आला नाही तर नमुना बाद झालेला असू शकतो. पुन्हा रक्त देण्यास उशीर करू नये.

अहवालात विषाणू आढळला तर खात्रीसाठी लगेच दुसरा नमुना घेतला जातो आणि एआरटी केंद्रात उपचारांचा निर्णय होतो. संसर्ग झालेल्या बाळांच्या जिवाला सर्वाधिक धोका पहिल्या वर्षातच असतो, त्यामुळे येथे एक आठवडाही वाया घालवू नये.

टप्पा ८: सहावा, बारावा आणि अठरावा महिना

सहाव्या आठवड्यात विषाणू आढळला नाही ही आनंदाची बातमी आहे, पण तिने प्रकरण संपत नाही. सिरप चालू असताना विषाणूचे प्रमाण तपासणीत न दिसण्याइतके कमी राहू शकते, आणि दूध चालू असेपर्यंत नव्याने संसर्ग होऊ शकतो. म्हणून सहाव्या आणि बाराव्या महिन्यात बाळाला पुन्हा न्यावे. या भेटींत आधी प्रतिपिंडांची तपासणी होते. ती रिअ‍ॅक्टिव्ह आली तर पीसीआरने विषाणू शोधला जातो. मधल्या काळात बाळाचे वजन वाढेनासे झाले, वारंवार जुलाब किंवा न्यूमोनिया होऊ लागला, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

अहवाल पुढीलप्रमाणे वाचावेत.

बाळ अठरा महिन्यांचे होण्यापूर्वी प्रतिपिंडे आढळली, म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह असे लिहून आले, तर बाळाला संसर्ग झाला असे सिद्ध होत नाही. ती आईची असू शकतात, पीसीआर करावे.

बाळ अठरा महिन्यांचे होण्यापूर्वी प्रतिपिंडे आढळली नाहीत, तर आईकडून आलेली प्रतिपिंडे बहुधा संपली आहेत. पण बाळ अजून आईचे दूध पीत असेल तर नुकताच झालेला संसर्ग या तपासणीत दिसत नाही. बाळ खूप आजारी असेल तर ही तपासणी फसवू शकते, आणि तेव्हाही पीसीआरच करावे लागते.

पीसीआरमध्ये विषाणू आढळला, तर तो आईचा अंश असेल असे म्हणून स्वस्थ बसू नये. आईची प्रतिपिंडे बाळात महिनोन् महिने राहतात, विषाणू मात्र तसा उसना राहत नाही.

अंतिम निर्णय अठराव्या महिन्यात होतो. त्या वेळी तीन वेगवेगळ्या जलद प्रतिपिंड तपासण्या केल्या जातात, आणि आधीचे सर्व अहवाल निगेटिव्ह असले तरी त्या कराव्याच लागतात. स्तनपान उशिरापर्यंत चालू राहिले असेल तर ते पूर्ण थांबल्यानंतर तीन महिने जाऊ द्यावेत आणि या दोन तारखांपैकी जी नंतर येते ती धरावी. उदाहरणार्थ, बाळाने सोळाव्या महिन्यात दूध सोडले असेल तर अंतिम तपासणी एकोणिसाव्या महिन्यात येते. दूध सोडल्याची तारीख त्यामुळेच पुस्तिकेत लिहून ठेवावी. दीड वर्षानंतर ती आठवत नाही.

ही तपासणी निगेटिव्ह आल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून को-ट्रायमोक्साझोल थांबवावे आणि निष्कर्षाची लेखी नोंद एआरटी केंद्राकडून घ्यावी. आईची गोळी आणि तिची व्हायरल लोडची तपासणी पुढेही चालूच राहते. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर तो आधी केंद्रात बोलून दाखवावा, म्हणजे विषाणू दबलेला असतानाच गर्भधारणा व्हावी असे नियोजन करता येते.